एसी शेजाऱ्यांकडे, बिल आमच्याकडे: दर उन्हाळ्यात फुगणाऱ्या वीजबिलाचा माग

आमच्याकडे एसी नाही. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, माणसं चार, पंखे चार, एक फ्रिज, एक वॉशिंग मशीन, हिवाळ्यापुरता गिझर. हिवाळ्यात १५० युनिटच्या आसपास वापर. तरी सलग तीन वर्षं मार्च संपला की बिलावरचा आकडा २६०, २८०, एकदा तर २९२. पंखे जास्त फिरतात, फ्रिजला जास्त काम पडतं, हे धरलं तरी तीस-पस्तीस युनिट वाढावेत. एकशे चाळीस कुठून आले?

आणि गंमत म्हणजे पाऊस सुरू झाला की बिल आपोआप खाली. बिल उतरलं की आपलीही तक्रार उतरते. पुढच्या एप्रिलपर्यंत विषय बंद. तीन वर्षं असंच चाललं, त्याचं खरं कारण हेच. सोसायटीच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी बिलाचा फोटो टाकून विचारतं, "माझंच एवढं का?" म्हणून ज्या क्रमाने मी शोधत गेलो (आणि ज्या क्रमाने शोधायला हवं होतं) तो एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

रुपये नको, रोजचे युनिट

पहिली चूक मी केली ती सगळेच करतात. शेजारच्या वहिनींना विचारलं, "तुमचं किती आलं?" दादरच्या बहिणीला विचारलं. मडगावच्या मावशीला विचारलं. तिचा आकडा ऐकून तर रात्रभर झोप लागली नाही.

या तुलनेला काही अर्थ नाही. दादरला बेस्टची वीज, उपनगरांत अदानी आणि टाटा, आमच्याकडे महावितरण. प्रत्येकाचे दर वेगळे आणि ते राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. गोव्यात तर वीज सरकारी खात्याची, आयोगही वेगळा आणि दर आपल्यापेक्षा बरेच कमी. मावशीच्या रुपयांशी आपले रुपये जुळायचा प्रश्नच नाही.

एकाच मजल्यावरच्या दोन घरांतही रुपये फसवतात, कारण स्लॅब. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढचे आणखी महाग. खरे दर आदेशागणिक बदलतात, म्हणून इथे हिशेबाला सोपे पडतील असे गोल आकडे धरतो, तुम्ही आपल्या बिलावरचे घाला. समजा पहिल्या शंभराला ६ रुपये, पुढच्या दोनशेला १२, त्यानंतर १६. एका घरात १९० युनिट जळले तर ६०० आणि १०८० मिळून १६८० रुपये. दुसऱ्या घरात ३४० जळले तर ६००, २४०० आणि ६४० मिळून ३६४० रुपये. युनिट पावणेदोन पटीच्या जरा वर, रुपये मात्र दुपटीहून जास्त. यावर महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागतं, ते वेगळंच. म्हणजे महिन्याचे जे शेवटचे शंभर युनिट कुठून आले ते कळत नाही, ते सगळ्यात महागडे असतात. माझ्या १०० अनोळखी युनिटांची किंमत या गोल दरांनी १२०० रुपये आणि शुल्कासकट १३९२.

तेव्हा बिलावरचे युनिट घ्या, मागच्या आणि चालू रीडिंगच्या तारखा बघा, मधले दिवस मोजा आणि भागा. एक रीडिंग २८ दिवसांनी आणि पुढचं ३४ दिवसांनी घेतलं असेल, तर २५५ आणि ३१० हे आकडे वेगळे दिसतात खरे, पण दोन्हींचा रोजचा वापर ९.१ युनिटच. ही भागाकाराची सवय लागली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. माझी मिटली नाही. माझे हिवाळ्यातले ५ युनिट उन्हाळ्यात रोजचे साडेनऊ होत होते.

घरात शोधण्याआधी बिलात शोधा

चालू रीडिंग म्हणून छापलेला आकडा आणि मीटरवर आत्ता दिसणारा आकडा ताडून पाहा. मीटरवरचा आकडा थोडा पुढे असायला हवा. मागे असेल तर रीडिंगच चुकीचं लिहिलं गेलंय आणि शोध संपला. रीडिंगच्या जागी मीटर बंद, घर बंद, रीडिंग मिळालं नाही असा काही शेरा असेल, तर ते बिल सरासरीचं आहे.

सरासरी बिल येतं तेव्हा कुणी ओरडत नाही, कारण ते बहुधा कमी असतं. ओरड होते ती नंतर. २०२० चा जून आठवतोय का? टाळेबंदीत मार्चअखेरपासून रीडिंग थांबलं होतं. त्या काळाची बिलं हिवाळ्यातल्या सरासरीने गेली आणि जूनमध्ये खऱ्या रीडिंगचा सगळा फरक एकदम आला. उन्हाळ्याचा वापर, त्यात सगळं कुटुंब दिवसभर घरात. राज्यभर लोक बिलं घेऊन रस्त्यावर आले होते.

अशा जोडबिलात एकच गोष्ट तपासायची, स्लॅब महिन्यांनी गुणलेत का. वरचेच गोल दर धरू. तीन महिन्यांचे मिळून ७५० युनिट आले, तर स्वस्त स्लॅब १०० चा नाही, ३०० चा मिळायला हवा. मग १८०० आणि ५४०० मिळून ७२०० रुपये. तेच ७५० युनिट एकाच महिन्यात जळल्यासारखे मोजले तर १०,२०० होतात. तीन हजारांचा फरक, आणि तो मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. आधी भरलेल्या सरासरी बिलांचे पैसे वजा झालेत का, तेही त्याच वेळी बघा.

उरलेलं पटकन. स्थिर आकार वापरावर अवलंबून नसतो. वहन आकार युनिटमागे असतो. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक हलतो. सुरक्षा ठेवीची वाढीव मागणी वर्षातून एकदा येते, तिला वापर समजून घाबरू नका. आणि 'थकबाकी' या ओळीत काही असेल तर आधी मागच्या महिन्याची पावती शोधा, मग बायकोशी भांडा. उलट्या क्रमाने करू नका, अनुभवाने सांगतो.

मीटर आपलाच आहे ना?

हसू नका. आमच्या मीटर रूममध्ये तळमजल्यावर २४ मीटर ओळीने आहेत आणि त्यांच्यावरचे फ्लॅट नंबर कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी ऑइलपेंटने लिहिलेले. मधल्या काळात किती मीटर बदलले, पाटी मात्र लाकडी बोर्डावर तशीच. बिलावरचा मीटर क्रमांक मीटरवरच्या क्रमांकाशी जुळवा. तो जुळला तरी एवढंच कळतं की कंपनीच्या लेखी हा मीटर तुमचा आहे. त्यातून निघालेली वायर तुमच्याच घरात जाते का, ते कळायला घरचा मेन स्विच पाडावा लागतो आणि कुठल्या मीटरचा दिवा थांबतो ते खाली उभं राहून बघावं लागतं. दोन घरांच्या वायरी आदलाबदल झालेल्या असतील, तर एक घर वर्षानुवर्षं दुसऱ्याचं बिल भरत राहतं आणि दोघांनाही पत्ता नसतो.

लाल दिव्याचं गणित

आता मीटरकडे नीट बघा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी छापलेलं असतं, ३२०० इम्प प्रति केडब्ल्यूएच. काही मीटरांवर १६०० किंवा दुसरा आकडा असतो. अर्थ एवढाच की ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

हा दिवा म्हणजे फुकटातला वॅटमीटर. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्याने भागा, या क्षणी घरात किती वॅट चाललेत ते कळतं. नऊ सेकंदांनी एक, तर १२५ वॅट. सेकंदाला एक, तर ११२५. दोन हजार वॅटचा गिझर चालू केला की सेकंदात जवळजवळ दोनदा. (मीटरवर १६०० असेल तर ११२५ ऐवजी २२५० घ्या.) मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढला की मोजणं सोपं जातं, डोळे शिणत नाहीत.

रात्री सगळे झोपल्यावर, पंखे-दिवे बंद असताना आधी एकदा मोजा. हा घराचा बिनकामाचा खर्च. सेट टॉप बॉक्स रिमोटने 'बंद' केला तरी जवळजवळ तेवढीच वीज घेत बसतो. वायफायचा डबा, जुना इन्व्हर्टर, टीव्हीचा स्टँडबाय, आणि वर फ्रिज. हे सगळं मिळून १२५ वॅट भरले, तर दिवसाचे ३ युनिट आणि महिन्याचे ९० झाले, घरात कुणी बोटही न हलवता. एका ओळखीच्यांकडे यातला मोठा वाटा इन्व्हर्टरचा निघाला. बॅटरीतलं पाणी आटलेलं, ती कधी पूर्ण चार्ज होत नव्हती आणि चार्जर कधी थांबत नव्हता.

मग एकेक वस्तू. फ्रिज सोडून सगळं बंद करा. कंप्रेसर चालू असताना दिवा लुकलुकेल आणि बंद झाला की जवळपास थांबेल. अर्धा तास बघूनही कंप्रेसर थांबतच नसेल तर थर्मोस्टॅट किंवा दाराचं रबर गेलेलं असू शकतं. रबराची परीक्षा सोपी आहे. दारात दहाची नोट धरून दार लावा, नोट सुळकन निघाली तर थंडावाही तसाच निघतोय. पंधरा लिटरचा गिझर एकदा पाणी तापवायला साधारण ०.६ युनिट घेतो, म्हणजे चार अंघोळींमागे अडीच युनिटच्या आत यायला हवं. जास्त येत असेल तर कुणीतरी तो चालू ठेवून विसरतंय. आमच्याकडे हा गुन्हेगार कोण ते मला माहीत आहे, आणि हे वाचल्यावर त्यालाही कळेल. एसीवाल्यांसाठी एकच सूचना: लेबलवरचे वार्षिक युनिट हे १६०० तासांचे असतात. तुम्ही रात्री आठ-आठ तास पाच महिने चालवलात तर १२०० तास होतात, तेवढ्या प्रमाणात युनिट धरा आणि मगच एसीला शिव्या द्या.

हे सगळं मी दुसऱ्या उन्हाळ्यात केलं. चोखपणे, वहीत लिहून. बेरीज आली रोजची सहा. मीटर सांगत होता साडेनऊ.

इथे माणसाला वाटतं, मीटर फास्ट आहे. मलाही वाटलं.

एमसीबी पाडून बघायची परीक्षा

मीटर फास्ट असल्याची शंका सगळ्यांना येते आणि फार थोड्यांची खरी निघते. शिवाय फास्ट मीटर बारा महिने फास्ट असतो, फक्त एप्रिल-मेमध्ये नाही. हा साधा विचार मला सुचायला एक वर्ष लागलं. तपासणीचा अर्ज करण्याआधी पुढची परीक्षा करा. पैसे लागत नाहीत, फक्त एक माणूस घरातल्या डीबीपाशी (मेन स्विच आणि एमसीबी असलेल्या पेटीपाशी) आणि एक मीटरपाशी लागतो.

आधी मेन स्विच चालूच ठेवायचा आणि त्याखालचे सगळे छोटे एमसीबी, म्हणजे एकेका सर्किटचे स्विच, पाडायचे. घरात आता एकही वस्तू चालू नाही. मीटरचा दिवा थांबला पाहिजे. थांबला, तर प्रश्न वस्तूंचा आहे, वरच्या परिच्छेदाकडे परत जा.

नाही थांबला तर आता मेन स्विच पाडा. तरीही दिवा चालूच असेल, तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मधून कुणीतरी वीज घेतंय किंवा मीटरमध्ये दोष आहे, आणि त्याला हात लावायचं काम तुमचं नाही, वीज कंपनीला कळवा. मेन पाडल्यावर मात्र थांबला, पण नुसते एमसीबी पाडल्यावर थांबत नव्हता, तर दुखणं न्यूट्रलमध्ये, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीत, आहे. छोटा एमसीबी फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडतो, मेन स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. फरक तिथेच उघडा पडतो.

मी ही परीक्षा पहिल्यांदा रविवारी दुपारी केली. मुलगा वर, मी खाली, फोन चालू.

"पाडले का सगळे?"

"पाडले, बाबा."

दोन मिनिटं उभा राहिलो, दिवा एकदाही लुकलुकला नाही. वर येऊन घरात जाहीर केलं की वायरिंग उत्तम आहे. आणखी एक उन्हाळा गेला.

तिसऱ्या उन्हाळ्यात हीच परीक्षा सहज रात्री अकराला केली, तीही लाइट गेली होती आणि नुकतीच आली होती म्हणून. सगळे एमसीबी खाली. घर अंधारात. आणि मीटरचा दिवा चालला होता १.३ सेकंदाला एक! ११२५ भागिले १.३, म्हणजे साधारण ८६० वॅट. बंद घरात ८६० वॅट. त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली, जी मी तीन वर्षं बघूनही बघितली नव्हती. लाल दिव्याशेजारी दुसरा एक दिवा सतत पेटलेला होता. काही मीटरांवर त्याखाली 'अर्थ' लिहिलेलं असतं, काहींवर 'ई/एल'.

अर्थचा दिवा काय सांगतो

आपले घरगुती मीटर दोन ठिकाणी प्रवाह मोजतात, फेजमध्ये आणि न्यूट्रलमध्ये. नीट वायरिंग असेल तर जेवढा फेजने गेला तेवढाच न्यूट्रलने परत येतो. दोघांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला की मीटर अर्थचा दिवा लावतो आणि दोघांतला जो जास्त असेल तो धरून युनिट मोजतो. ही सोय आहे वीजचोरी पकडण्यासाठी. कुणी न्यूट्रल बाहेरून घेऊन मीटरला फसवू पाहिलं तर मीटर फसत नाही. पण त्याच नियमाने वायरिंगमधल्या निष्पाप चुकीचीही किंमत वसूल होते.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. मुद्दाम रात्री बोलावला, त्याने तोंड वाकडं केलं, पण आला. एमसीबी पाडून, डीबी उघडून टाँग टेस्टर (वायरीभोवती धरून प्रवाह मोजायचा चिमटा) आधी फेजला लावला: शून्य. मग न्यूट्रलला: ३.६ अँपिअर. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या न्यूट्रलमधून दुसऱ्याचं घर चाललंय." तेवढ्यात भिंतीपलीकडे वहिनींच्या एसीचा कंप्रेसर थांबल्याचा आवाज आला आणि टेस्टरवरचा आकडा घसरून जवळपास शून्यावर आला. तीन वर्षांचं कोडं त्या एका 'धडप' आवाजात सुटलं.

इतिहास असा निघाला. आमचा फ्लॅट आणि वहिनींचा फ्लॅट पूर्वी एकाच कुटुंबाकडे होता, मधल्या भिंतीत दार होतं. विकताना दार विटांनी बुजवलं, फेज वेगळ्या केल्या, पण हॉलच्या भिंतीतल्या जुन्या जंक्शन बॉक्समध्ये दोन्ही घरांचे न्यूट्रल एकमेकांत पिळलेले तसेच राहिले. वर प्लास्टर, त्यावर रंग.

आता हिशेब बघा, कारण तो डोकं फिरवणारा आहे. रात्री वहिनींकडे एसीसकट साडेसात अँपिअर, आमच्याकडे पंख्यांचे आणि फ्रिजचे दीड. एकूण नऊ. परत जाताना हे नऊ दोन न्यूट्रलमध्ये साधारण अर्धेअर्धे वाटले जातात, साडेचार-साडेचार. आमचा मीटर बघतो, फेजमध्ये दीड, न्यूट्रलमध्ये साडेचार. जास्तीचं कोणतं? साडेचार. लावा बिल. वहिनींचा मीटर बघतो, फेजमध्ये साडेसात, न्यूट्रलमध्ये साडेचार. त्यांना साडेसात. म्हणजे आमच्यावर तीन अँपिअर, जवळजवळ ७०० वॅट, जादा पडले आणि वहिनींचं बिल एका पैशानेही कमी झालं नाही! कंप्रेसर रात्रीत पाच तास चालला तर साडेतीन युनिट. वहीतली सहा आणि मीटरचे साडेनऊ, मधला फरक तेवढाच.

वहिनींना हे कागदावर काढून दाखवलं. त्या जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे भाऊजी, थंडीत तुम्ही गिझर लावायचात तेव्हा..." मी मान डोलावली. "म्हणजे तुमच्या अंघोळीचं पाणी आम्ही तापवत होतो की!" होतंच तसं. आमचे नऊ अँपिअर, त्यांचा एक, न्यूट्रलमध्ये पाच-पाच. त्यांच्या मीटरला पाच. गिझर दिवसातून पाऊणएक तासच चालतो म्हणून त्यांचं नुकसान महिन्याला वीसेक युनिटचं, ध्यानात न येण्याएवढं.

एक खूण आम्ही स्वतःच मिटवली होती

हे मला सगळ्यात जास्त लागलं. फ्लॅट घेतल्यावर रंगकामाच्या वेळी एका वायरमनने डीबीत आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच, बसवला होता. तो दिवसातून दहा वेळा ट्रिप व्हायचा. फेज आणि न्यूट्रलमध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की त्याने पडायचंच असतं, आणि इथे फरक अँपिअरमध्ये होता. तो बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. आम्ही काय केलं? "माल खराब आहे" म्हणून तो काढायला लावला आणि साधा मेन स्विच बसवून घेतला.

तुमच्या घरी आरसीसीबी सारखा ट्रिप होत असेल आणि कुणी तो काढून टाकायचा सल्ला देत असेल, तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा आणि दुसरा वायरमन शोधा. एक तर न्यूट्रल कुठेतरी अडकलाय, नाहीतर कुठलीतरी वस्तू अर्थमध्ये वीज सोडतेय. जुन्या गिझरची कॉइल हे त्यातलं नेहमीचं नाव. त्यातही अर्थचा दिवा पेटतो, पण तो फक्त ती वस्तू चालू असताना. बिलाचं सोडा, ते जिवाचं काम आहे.

दुरुस्ती, आणि ती स्वतः का करायची नाही

न्यूट्रल आहे, त्यात करंट नसतो, असं समजून हात घालू नका. दोन घरांचा न्यूट्रल एकत्र असताना तुमचा मेन बंद असला तरी शेजारच्या घराचा प्रवाह त्यातून चाललेला असतो. जोड सोडवला की सुटं टोक २३० व्होल्टचा झटका देऊ शकतं. आमच्या वायरमनने दोन्ही घरांचे मेन पाडायला लावले, दोन्ही डीबींवर चिकटपट्टी लावून "हात लावू नये" लिहिलं आणि मग सुरुवात केली.

त्याआधी, वीज चालू असताना, त्याने प्रत्येक न्यूट्रल वायरला टाँग टेस्टर लावून पाहिलं होतं की प्रवाह नेमका कुठल्या वायरीतून येतोय. ती निघाली हॉलच्या सर्किटची. मग भिंत ठोकत ठोकत बॉक्स सापडला, रंगाखाली. काळी पडलेली पिळी सोडवली, दोन्ही घरांचे न्यूट्रल वेगळे करून कनेक्टरमध्ये बसवले, आणि आमच्याकडे नवीन आरसीसीबी. काम दोन तासांचं. खर्च एका फुगलेल्या बिलाच्या फरकाएवढाही नाही झाला.

पैसे परत मिळतील का? आमच्या प्रकारात नाही. मीटरच्या पुढचं वायरिंग ग्राहकाच्या जबाबदारीचं असतं आणि मीटरने त्याला शिकवलं होतं तेच केलं. मीटरच सदोष निघाला असता तर गोष्ट वेगळी. तपासणीचं शुल्क भरून लेखी अर्ज करायचा, अहवाल घ्यायचा. आयोगाच्या नियमांप्रमाणे सदोष मीटरचं बिल जास्तीत जास्त मागच्या तीन महिन्यांसाठी दुरुस्त होतं, म्हणून शंका आली की लगेच अर्ज, वर्षभर ग्रुपवर चर्चा नाही. याच्या उलटही लक्षात ठेवा. कंपनीने एकाएकी जुनी बाकी काढली, तर विद्युत कायदा २००३ चं कलम ५६(२) दाखवा. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली असतील आणि ती मधल्या बिलांत सलग थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही. स्थानिक कार्यालयाने ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, मुंबईत आणि नागपुरात. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठे चढत नाही.

ज्यांच्याकडे नवे स्मार्ट मीटर बसलेत त्यांना एक सोय आहे, वापर दिवसातल्या कुठल्या वेळी होतोय ते ॲपमध्ये बघता येतं. मला ती असती तर रात्री अकरा ते पहाटे चार हा डोंगर पहिल्याच उन्हाळ्यात दिसला असता. जुना मीटर असेल तर रोज रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर रीडिंगचा फोटो काढा. आठ दिवसांत तोच डोंगर दिसतो.

यंदाच्या मेमध्ये आमचा रोजचा वापर ६.१ युनिट आला. वहिनींचा डिसेंबर अजून यायचाय. आरसीसीबी बसवल्यापासून एकदाच ट्रिप झाला, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात. मुलगा म्हणाला, "बाबा, झालं परत सुरू." बघितलं तर गॅलरीतल्या सॉकेटमध्ये पाणी शिरलं होतं.